रेगे-पंक ऐकायला सुरुवात करताय? मग या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतं, दादा रेगे ऐकायचंय, पंक ऐकायचंय, जरा दहा नावं सांग ना. (रेगे म्हणजे जमैकाचं, बेसवर चालणारं संगीत; पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं झटपट, दणदणीत रॉक.) मी सांगतो. पंधरा दिवसांनी तोच मुलगा म्हणतो, सगळं सारखंच वाटतं रे. सारखं नाहीये बाळा, ऐकायची पद्धत चुकतेय. वीस वर्षं त्याच त्या चुका बघतोय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

फक्त गाणाऱ्याच्या नावाने शोधणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि मी स्वतः दोन वर्षं केलीये. २००४ च्या आसपास फोर्टच्या फुटपाथवर एमपी३ सीडी मिळायच्या, एकेका सीडीत दीडशे गाणी. मी घेतली तिच्यावर रेगेचा सगळ्यात प्रसिद्ध गायक बॉब मार्ली याचा फोटो आणि आतलं प्रत्येक गाणं मार्लीच्याच नावावर. त्यात 'डोन्ट वरी बी हॅपी' पण होतं, जे बॉबी मॅकफेरिनचं आहे, १९८८ चं, आणि मार्ली तर १९८१ लाच गेला. 'बॅड बॉईज' पण होतं, ते इनर सर्कलचं. आजही कॅफेत बसलेली पोरं ही दोन्ही गाणी मार्लीची म्हणून सांगतात तेव्हा मला राहवत नाही, मी उठून जाऊन सांगतो.

पण मला वेड लावलं त्याच सीडीतल्या दुसऱ्याच एका गाण्याने. एकजण अगदी वरच्या पट्टीत कोळ्याला होडी वल्हव, वल्हव म्हणतोय, त्याच्या खाली दुसरा भरदार आवाज, आणि सगळं गाणं पाण्याखालून आल्यासारखं. माझं आजोळ वरळी कोळीवाड्यातलं, त्यामुळे ते गाणं मला परकं वाटलंच नाही कधी. फाईलवर नाव नुसतं ट्रॅक ८७. मग काय, मी मार्लीचे अल्बम धुंडाळत बसलो, दर शनिवारी काळा घोड्याच्या रिदम हाऊस या सीडीच्या दुकानात जायचं (ते २०१६ ला बंद झालं, अजून तिथून जाताना पाय थांबतात), सीडी उलटी करून गाण्यांची यादी वाचायची, परत ठेवायची. मिळणार कुठून, ते मार्लीचं नव्हतंच.

शेवटी माहीमला एक काका भेटले, घरात खोलीभर रेकॉर्ड्स. त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "गातंय कोण ते सोड, रेकॉर्ड कोणी केलंय ते विचार." गाणं होतं द काँगोजचं 'फिशरमन', १९७७ च्या 'हार्ट ऑफ द काँगोज' मधलं पहिलंच. आणि रेकॉर्ड करणारा ली 'स्क्रॅच' पेरी, किंग्स्टनमधल्या त्याच्या ब्लॅक आर्क स्टुडिओत. तो पाण्याखालचा आवाज गाणाऱ्यांचा नव्हे, पेरीचा. या अल्बमला तेव्हा मोठ्या लेबलचा हात मिळाला नाही, १९९६ मध्ये ब्लड अँड फायर या इंग्लंडच्या लेबलने नीट परत काढला तेव्हा तो खूप जणांपर्यंत पोचला.

मग मी पेरीचं बोट धरलं. ज्युनियर मर्विनचं 'पोलीस अँड थीव्ज', १९७६, तोच स्टुडिओ. तेच गाणं पुढच्या वर्षी लंडनच्या द क्लॅश या पंक बॅन्डने आपल्या पहिल्या अल्बमवर वाजवलं. आणि त्याच वर्षी क्लॅशच्या 'कम्प्लीट कंट्रोल'चा प्रोड्यूसर कोण, तर पेरीच! म्हणजे कोळ्याच्या गाण्यावरून निघालो आणि सरळ पंकमध्ये पोचलो, कुठल्याही लिस्टशिवाय. लंडनच्या रॉक्सी या पंकवाल्यांच्या क्लबात तेव्हा डीजे डॉन लेट्स रेकॉर्ड्स लावायचा, पंकच्या रेकॉर्ड्स अजून फारशा निघालेल्याच नव्हत्या म्हणून तो रेगे आणि डब (रेगे गाण्याचंच मिक्सिंगमध्ये बदललेलं रूप) लावायचा, आणि पंकवाली पोरं तेच ऐकत मोठी झाली. हे माहीत नसलं की लोक रेगे आणि पंकला दोन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात.

माझी सवय सांगतो. गाणं आवडलं की डिस्कॉग्सवर (रेकॉर्ड्सच्या माहितीची वेबसाईट) क्रेडिट काढायचे आणि वहीत लिहायचं: प्रोड्यूसर कोण, स्टुडिओ कुठला, ड्रम आणि बेस कोणाचा. गाणारा चौथ्या नंबरवर. स्लाय डनबार (ड्रम) आणि रॉबी शेक्सपियर (बेस) एवढी दोन नावं धरली तरी वर्षभर पुरेल इतकं ऐकायला मिळतं.

फोनच्या स्पीकरवर रेगे

नको. हात जोडतो. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, फोनच्या त्या एवढ्याशा स्पीकरमधून ती येतच नाही, आणि रेगेत अर्धं गाणं बेसच असतं. मग उरतं नुसतं चिक-चिक-चिक आणि तुम्ही म्हणता सगळं सारखं. साधे वायरवाले इयरफोन चालतील. लोकलमध्ये स्पीकरवर लावणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

वीस सेकंदात पुढे ढकलणं

याचा मला खरंच राग येतो. डबमध्ये गाणं मुद्दाम उघडं केलेलं असतं, गाणाऱ्याचा आवाज काढून घेतात, ड्रम-बेस ठेवतात, मधेच गिटारचा एक तुकडा येतो आणि विरून जातो. डबचा उस्ताद किंग टबी मूळचा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा माणूस, मिक्सिंग बोर्डच वाद्यासारखा वाजवायचा. ते वीस सेकंदात कळणार कसं? एक रेकॉर्ड, एक आठवडा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शफल बंद. जमत नसेल तर राहू दे, पण मग बोअर आहे असं म्हणू नका.

एकाच नावाचे दोन बॅन्ड

'डेथ' शोधलं की फ्लोरिडाचा मेटल बॅन्ड येतो. तुम्हाला हवेत ते डेट्रॉईटचे पंकवाले, तीन हॅकनी भाऊ, १९७५ ला रेकॉर्डिंग केलेलं, अल्बम निघाला थेट २००९ मध्ये. नावासोबत गाव आणि साल टाका, बस.

सगळं फुकट

स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षात १००० पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच नाही. छोट्या बॅन्डला तुमच्या ऐकण्याने एक पैसा मिळत नसेल तर आवडलेलं एक तरी बँडकॅम्पवर (बॅन्डची गाणी विकत मिळतात ती साईट) विकत घ्या.

गिगला उशिरा जाणं

मुंबईत असं काही होतच नाही म्हणणारे आणि होतं तेव्हा दहाला उगवणारे, हे दोघे एकच असतात. बॅन्ड म्हणाल तर द लाईटइयर्स एक्सप्लोड इथलेच, बॉम्बे बेसमेंट इथलेच, दिल्लीचे स्का व्हेंजर्स आहेत. पण खरं सापडतं ते मेन बॅन्डच्या आधी. काही वर्षांपूर्वी खारला डोंबिवलीच्या चार पोरांचा बॅन्ड ओपनिंगला होता, मराठीत पंक, पाच गाणी, सगळी मिळून बारा मिनिटं. समोर आम्ही अकरा जण, मी मोजले. शेवटच्या गाण्यात ड्रमरची काठी तुटली तरी तो अर्ध्या काठीने वाजवत राहिला. वर्षभरात बॅन्ड मोडला, एकही रेकॉर्डिंग नाही. माझा मित्र साडेदहाला आला होता, ट्रॅफिक होतं म्हणे, तो अजून मला विचारतो की कसे वाजवायचे रे ते. कसं सांगू? पहिल्या बॅन्डच्या आधी पोचा, पुढे उभे राहा, आणि ते केबल गुंडाळत असतील तेव्हा जाऊन विचारा की तुम्ही काय ऐकता. विरारची शेवटची ट्रेन पकडायचीये म्हणून मेन बॅन्ड अर्धवट सोडा हवं तर, मी कैकदा सोडलाय.

सध्या वहीत फिलिस डिलन चालू आहे. जमैकाच्या ट्रेझर आयल लेबलची रॉकस्टेडी (रेगेच्या लगेच आधीची शैली) गायिका, १९६७ ला न्यूयॉर्कला गेली, तिथे बँकेत नोकरी करायची आणि मधूनमधून जमैकाला येऊन गाणी रेकॉर्ड करून जायची. मागे टॉमी मॅकूकचा सुपरसॉनिक्स बॅन्ड वाजतोय. म्हणजे पुढचा महिना मॅकूकचा.