मिशनसेवेत परदेशी असताना अचानक ताप आला तर

मलेरियाच्या प्रदेशात आठवडा काढल्यावर आलेला ताप, तपासणीत दुसरे काही निघेपर्यंत, मलेरियाचाच समजा. प्रतिबंधक गोळ्या चालू असल्या तरीही. त्याच दिवशी रक्त तपासा. पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका: सुरुवातीला रक्तात परजीवी कमी असतात. १२ ते २४ तासांनी पुन्हा तपासा, ताप टिकला तर तिसऱ्यांदाही. ‘रविवारची उपासना आटोपून जाऊ’ हा विचार जिवावर बेततो, कारण फाल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

तापावर पॅरासिटामॉल, प्रौढांना २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम. डेंग्यूची शंका फिटेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

जुलाब असतील तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात लहान चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवू नका. उपवास-प्रार्थना चालू असेल तर उपवास सोडा, प्रार्थना चालू ठेवा.

रात्री सहकाऱ्याला सोबत ठेवा. गुंगी, धाप, फिट, लघवी बंद होणे दिसताच इस्पितळ गाठा. दुसऱ्या देशात हलवायचे असल्यास आधी विमा कंपनीला फोन करा. परवानगीविना झालेला खर्च बहुधा मिळत नाही.

मायदेशी परतल्यावर वर्षभरात ताप आला तर कुठे राहिलात ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.