0.85 दोनदा लावलं आणि सपोर्ट वाढला

गोकुळ शिरगावातल्या एका कामात १२० अंशाची गरम पाण्याची लाइन होती. पाइप ए५३ ग्रेड बी पोलादाची, ईआरडब्ल्यू, म्हणजे लांबीनं वेल्डची शिवण असलेली. कोड, म्हणजे पाइपिंग डिझाइनचे नियम, एएसएमई बी३१.३. सस्टेन्ड लोडला (वजन, आतला दाब असा कायमचा भार) टी-जोडाजवळ १२१ एमपीए ताण, आणि सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये लालभडक 'फेल'. मी मुकाट्यानं एक सपोर्ट वाढवला.

फॅब्रिकेटर अण्णा वैतागले. "साहेब, इथं पाय ठेवायला जागा न्हाई, सपोर्ट कुठं लावू?"

मग इनपुट उघडलं. चूक माझीच. ईआरडब्ल्यूचा ईजे (वेल्डच्या शिवणीचा गुणक) ०.८५ म्हणून अलाउएबल (चालणारा कमाल ताण) १३८ वरून हातानं ११७ केला होता, आणि वर वेल्ड एफिशियन्सीच्या रकान्यातही ०.८५ टाकलं होतं. त्यामुळे जाडीच्या हिशोबात १३८ चे झाले जेमतेम १००!

शेडमध्ये पडलेल्या पाइपवरची शिवण बोटानं चाचपली तेव्हा डोक्यात शिरलं. ती पाइपच्या लांबीनं जाते. आतला दाब तिला उसवू बघतो, म्हणून ०.८५ जाडीच्या सूत्रात हवंच. पण वजनानं पाइप वाकते तेव्हाचा ताण शिवणीच्या दिशेनंच धावतो. म्हणून बी३१.३ मध्ये सस्टेन्ड आणि एक्स्पान्शनच्या (तापून पाइप वाढण्याच्या) ताणाच्या मर्यादेला ईजे लावायची गरज नाही. (कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, गुणक ईसी वेगळा. क्रीपच्या, म्हणजे धातू हळूहळू ताणला जाईल इतक्या, तापमानाचा गुणक डब्ल्यूही वेगळा, इथं त्याचा संबंध नव्हता.)

अलाउएबल परत १३८ केला, ०.८५ फक्त रकान्यात ठेवलं. १२१ पास. सपोर्ट काढला, ड्रॉइंग नव्यानं दिलं. अण्णांनी चहा पाजला, पैसे मात्र मलाच द्यायला लावले.