खिशातला जुना चाकू: पारखावा कसा, जमवावा कसा, जपावा कसा

घडीचा चाकू म्हटले की आपल्याकडे आधी रामपुरी आठवतो, लांब पात्याचा आणि खटक्याचा. या लेखातले चाकू वेगळ्या घराण्याचे आहेत. इंग्लंडमधले शेफील्ड, जर्मनीतले झोलिंगन आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या राज्यांतले कारखाने ही त्यांची जन्मगावे. शेतकरी, गुराखी, कारकून अशा साध्या माणसांच्या खिशात ते असत. पाते बोटाएवढे आणि त्याला खटका नाही. मुठीच्या पाठीतली पोलादी स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाब देते, तेवढ्यावरच ते उघडे किंवा मिटलेले राहते. या साध्या रचनेत कारागिराचा हात लपत नाही, म्हणून मला हे चाकू प्रिय आहेत.

१. आधी एकच धागा धरा

दिसेल तो चाकू घेत सुटलात, तर वर्षभराने हाती फक्त ढीग उरतो. एक कारखाना, एक काळ किंवा एक घडण, म्हणजे चाकूचा एक ठरावीक नमुना, निवडा. माझे मत विचाराल तर घडण निवडावी, कारण एकच गोष्ट वेगवेगळ्या हातांनी कशी केली ते शेजारी ठेवून पाहता येते. सुरुवातीला ‘स्टॉकमन’ उत्तम. अमेरिकेतल्या गुरे पाळणाऱ्यांसाठीचा हा तीन पात्यांचा चाकू: एक टोकदार पाते, एक सरळ धारेचे आणि एक गोलसर बोथट टोकाचे. हे तिसरे पाते गुरांचे खच्चीकरण करण्यासाठी असे. आजूबाजूला चुकून टोचू नये म्हणून त्याला टोक ठेवत नसत. दोन लांब पात्यांचा ‘ट्रॅपर’ आणि मुठीच्या एका बाजूला लांबलचक धातूची टोपी असलेला ‘बार्लो’ हेही चांगले पर्याय.

२. पात्याच्या बुडाशी काय लिहिलंय ते वाचा

पाते जिथे मुठीत शिरते तिथला धार नसलेला भाग म्हणजे चाकूची जन्मपत्रिका. दहापट भिंग घ्या आणि उजेड तिरका पाडा.

पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावच्या ‘केस’ कारखान्याचे चाकू नवशिक्याला सर्वांत सोपे जातात. १९४० ते १९६४ पर्यंत शिक्क्यात ‘केस एक्सएक्स’ एवढेच असे. १९६५ पासून त्याखाली ‘यूएसए’ आले. १९७० मध्ये त्याखाली दहा ठिपके उमटवले आणि पुढे दरवर्षी एकेक ठिपका कमी केला. म्हणजे सात ठिपके दिसले तर चाकू १९७३ चा आणि एकच असेल तर १९७९ चा. १९८० मध्ये पुन्हा दहा ठिपके आले, पण त्या शिक्क्यातला ‘एस’ विजेसारखा कोनदार आहे. त्यामुळे ठिपके मोजण्याआधी ‘एस’ पाहावा, नाहीतर दहा वर्षांचा घोळ होतो.

याच पात्याच्या दुसऱ्या अंगाला आकडा सापडतो. ६३१८ मधला ६ म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती आणि १८ हा घडणीचा क्रमांक. हे एकदा डोक्यात बसले की विक्रेत्याच्या वर्णनावर विसंबावे लागत नाही. मुठीला पिवळे प्लास्टिक आणि आकडा ६ ने सुरू होणारा, असे दिसले की मूठ नंतर बदलली आहे हे समजावे.

शेफील्डचे चाकू वाचणे जास्त कठीण आहे. तिथल्या कारागिरांची कटलर्स कंपनी १६२४ पासूनची आणि कारागिरांच्या खुणांची नोंद ठेवणारी. त्या खुणांपैकी जोसेफ रॉजर्स या कारखान्याची चांदणी आणि माल्टीज क्रॉस (टोकांकडे रुंदावत जाणाऱ्या चार भुजांचा क्रूस) ही खूण सहज ओळखू येते. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ असतील, तर चाकू व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातला. देशाचे नावही कालखंड सांगते. १८९० च्या मॅकिन्ले कायद्यामुळे अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देश लिहिणे सक्तीचे झाले, तेव्हा शिक्क्यात ‘जर्मनी’ असलेला चाकू बहुधा त्यानंतरचाच.

३. उघडा, मिटा, ऐका

पात्याच्या खाचेत नख अडकवून सावकाश उघडा. स्प्रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी ताणलेली जाणवली पाहिजे, आणि शेवटी ‘टक्’ असा स्वच्छ आवाज यायला हवा. मिटतानाही तसाच. आवाज मेलेला असेल तर स्प्रिंग थकलेली आहे किंवा आत मळ साचला आहे. तेलाचा एक थेंब सोडून पुन्हा उघडझाप करा. मळ असेल तर फरक लगेच कळतो.

आता चाकूच्या पाठीवरून नख फिरवा, आधी पाते उघडून आणि मग मिटून. दोन्ही वेळा स्प्रिंग बाजूच्या पितळी पट्ट्यांशी समतल लागली, तर बनवणाऱ्याने जीव ओतला आहे. चाकू उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि पट्टी यांच्या फटीतून उजेड येता कामा नये. शेवटी पाते चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. जुन्या चाकूत किंचित हालचाल मी चालवून घेतो, खुळखुळा चालवून घेत नाही.

४. पाते पूर्ण आहे का?

इथे सर्वांत जास्त पैसे बुडतात. पन्नास वर्षे दगडावर घासलेले पाते अरुंद होते, आणि टोक मोडले असेल तर ते घासून नवे टोक काढलेले असते. त्याच घडणीच्या न वापरलेल्या चाकूचा फोटो शेजारी ठेवून पात्याची बाह्यरेषा जुळवा. नखाची खाच टोकाच्या फारच जवळ आली असेल तर टोक नक्की गेले आहे.

चकाकणाऱ्या चाकूपासून लांब राहा. यंत्रावर पॉलिश केले की शिक्का उथळ होतो, कडा गोल होतात आणि चाकूची सगळी कहाणी पुसली जाते. कार्बन पोलादावर फळे-कांदे कापून चढलेला निळसर काळा रंग हा दोष नव्हे. आजीच्या लोखंडी विळीवर असतो तसाच तो आहे, आणि पोलादाला तो थोडाफार सांभाळतोही. काढायचा असतो तो लाल गंज. त्यावर रात्रभर तेल राहू द्या आणि सकाळी बांबूच्या काडीने हलकेच खरवडा. पॉलिश पेपर लावू नका.

५. मुठीचा पदार्थ ओळखा

हाडाच्या मुठीत खिळ्याभोवती बारीक तडा आहे का पाहा. सांबरशिंगाच्या मुठी फार देखण्या असतात, आणि एके काळी ती शिंगे आपल्या जंगलांतूनच परदेशी कारखान्यांत जात. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लक्षात घेता सांबरशिंग किंवा हस्तिदंत असलेला चाकू भारतात मागवू नये. गाईच्या हाडाच्या किंवा लाकडी मुठी भरपूर मिळतात.

६. कायदा

शस्त्र नियमांतली परवान्यासाठीची पात्याची ९ इंच लांबीची आणि २ इंच रुंदीची मर्यादा या चाकूंपासून फार दूर आहे. तरीही महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश लागू असताना चाकू खिशात घेऊन फिरू नये. विमानात तो केबिनमधल्या बॅगेत चालत नाही.

७. जपणूक

मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातली हवा हा मोठा शत्रू. चाकू कापडाने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे ठेवू नका. त्यातली रसायने पितळेवर हिरवी बुरशीसारखी पुटे आणतात.

सेल्युलॉइडची (हे एक जुने प्लास्टिक) रंगीत, मोत्यासारखी चमकणारी मूठ असेल तर तो चाकू बाकीच्यांपासून वेगळा आणि हवेशीर जागी ठेवा. हा पदार्थ म्हातारा होताना आम्लयुक्त वाफा सोडतो, आणि त्यात शेजारचे धड चाकूही गंजतात. मूठ आकसली, तडकली, कापरासारखा वास आला किंवा पाते मुठीलगतच गंजू लागले, की त्याच दिवशी तो डब्यातून बाहेर काढा. सेल्युलॉइड भडकन पेट घेते, म्हणून त्याची जागा देवघरातल्या दिव्यापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब असावी.