कलाकृतीचे फोटो काढताना या चुका टाळा

ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड बघून पांढरा रंग कोणता हे कॅमेऱ्याने स्वतःच ठरवणं. सगळ्यात जास्त नुकसान या एका सवयीने होतं. जुन्या चित्राचा पिवळेपणा हा संवर्धकासाठी पुरावा असतो. अजिंठ्यात १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा लेप चढवला आणि पुढे तोच पिवळा पडला. पिवळा रंग चित्राचा, लेपाचा की कॅमेऱ्याचा, हे फोटोवरून कळायलाच हवं.

पैठणकडच्या एका वाड्यातल्या चित्रपोथीचे पहिले फोटो मे महिन्यात खिडकीच्या उजेडात निघाले. भिंतीला नीळ घातलेला चुना, त्याची निळसर झाक कागदावर. दुसरे फोटो पावसाळ्यानंतर, पिवळ्या बल्बखाली. ऑटोने दोन्ही वेळा आपापला अंदाज बांधला. शेजारी ठेवल्यावर वाटलं, चार महिन्यांत कागद करपला. ओलीच्या शंकेने बासन (पोथी बांधायचं कापड) बदललं, पोथी दोनदा सोडली आणि दर वेळी पानांच्या कडा झडल्या. कागदाला काही झालंच नव्हतं.

म्हणून खिडक्या बंद, ट्यूब बंद. ९५ च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) असलेले दोन सारखे एलईडी दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा. चित्राच्या जागी १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड (१८ टक्के प्रकाश परतवणारं करडं पुठ्ठं) धरून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा. मग कार्ड आणि मोजपट्टी चित्राच्या बाजूला, प्रत्येक फ्रेममध्ये. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद. ‘नंतर संगणकावर रंग नीट करू’ म्हणणाऱ्याने सांगावं, कशाशी ताडून करणार?

दुसरी चूक तिरका कॅमेरा. चौकोनी चित्राचं पतंगासारखं होतं आणि भेगेची लांबी मोजता येत नाही. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. चित्राच्या पातळीत, मधोमध छोटा सपाट आरसा धरा. आपल्याच लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्ये दिसलं की कॅमेरा सरळ.

झूम १८ मिमीवर नको, कडा फुगतात. फ्लॅश नको. आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचं माप) ८, दोन सेकंदांचा टायमर. पंखा बंद. माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर शटर उघडं असताना कुणी चालायचं नाही.

पोपडे दाखवायचे तर एक दिवा बंद करून दुसरा १०-१५ अंशांवर आडवा आणा. सपाट उजेडात न दिसणारा सुटलेला रंग सावली टाकतो. दिवा डावीकडून की उजवीकडून, हे फाइलच्या नावातच लिहा. पुढच्या वर्षी बाजू बदलली तर सावल्या उलट्या पडतात आणि दोन फोटो ताडताच येत नाहीत.