आधी मानेचा लॅग काढा, मग हाताचा

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत माझा व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायचा, स्टॉल असतो. हेडसेट चढवल्यावर कुणी गरगरतंय म्हणालं, की आधी बघायचं लॅग, म्हणजे हालचालीमागे चित्राला होणारा उशीर, कुठला आहे, मानेचा की हाताचा. दोन्हींचे इलाज वेगळे.

मानेचा लॅग ओळखायला सोपा. गिऱ्हाइकाला चित्रातल्या एका खांबावर नजर रोखायला सांगा आणि मान नाही-नाही करायला लावा. मी विचारतो, "आबा, खांब हालस का?" हलत असेल तर चित्र मागे पडतंय. मान वळली तरी नजर जागेवर ठेवायचं काम डोळे साधारण 10 मिलिसेकंदांत सुरू करतात. म्हणून मान हलल्यापासून चित्र बदलेपर्यंत 20 मिलिसेकंदांच्या आत राहावं, असा ठोकताळा आहे. इथे "होईल सवय" म्हणत माणसाला बसवून ठेवू नका. ओकारी येते आणि रांगेतली चार माणसं निघून जातात.

मशीनकडे बघा. कॉम्प्युटरवरून वायरलेस चालवत असाल तर कॉम्प्युटर राऊटरला केबलने जोडा आणि हेडसेट वाय-फायच्या 5 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ठेवा, राऊटर समोरच दिसेल असा. यात्रेत 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर भलती गर्दी असते. तरीही अडखळलं तर हेडसेटलाही सरळ केबल लावा. यात्रा थंडीतली म्हणून बरं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकला की हेडसेट तापतो, प्रोसेसर मंदावतो, फ्रेम, म्हणजे एकेक चित्रं, गळायला लागतात. 90 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 90 फ्रेम असताना, एका फ्रेमसाठी 11 मिलिसेकंद मिळतात, 72 ला जवळपास 14. अडखळत्या 90 पेक्षा सलग 72 घ्या.

हाताच्या लॅगची मात्र सवय होते, तो एकसारखा असेल तर. 2001 साली कनिंगहॅम, बिलॉक आणि त्सू या संशोधकांनी लोकांना माऊसने पडद्यावरचं विमान अडथळ्यांतून न्यायला लावलं, 235 मिलिसेकंद उशिराने. सरावाने लोकांना ते जमलं. पण उशीर काढल्यावर त्यांचा हात पुन्हा चुकायला लागला. म्हणून सुरुवात सावकाश चेंडू फेकण्यापासून करा, तलवारबाजी नंतर. नेम चुकला तरी मधे बोलू नका, हात स्वतःच हिशेब लावतो. लॅग सारखा कमी-जास्त होत असेल तर सराव वाया जातो. मग पुन्हा राऊटरकडे बघा.

खेळ संपला की माणसाला थोडा वेळ बाकड्यावर बसवा, पाणी द्या. मोटारसायकलवर आला असेल तर लगेच किक मारू देऊ नका.