सरकारी बँकेत नवीन आहात? आधी एपीएआर समजून घ्या

सरकारी बँकेत नवे अधिकारी पगारावरून फारसे कुढत नाहीत. 8 मार्च 2024च्या वेतन करारानंतर स्केल वनचा, म्हणजे अधिकाऱ्याच्या पहिल्या पायरीचा मूळ पगार 48,480 रुपयांपासून सुरू होतो. शाखा मुंबईत असो की गडचिरोलीत. कुढतात ते बदली, बढती आणि 'राबलो मी, मार्क त्याला' यावरून. बढतीत एपीएआरचे, म्हणजे वार्षिक मूल्यमापन अहवालाचे मार्क धरले जातात.

एपीएआरचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं. आधी तुम्ही स्वतःच्या कामाबद्दल लिहायचं, म्हणजे सेल्फ अप्रेझल, मग रिपोर्टिंग अधिकारी, म्हणजे थेट वरचा साहेब मार्क देतो, मग त्याच्याही वरचा रिव्ह्यूइंग अधिकारी ते तपासतो. बरेच जण पोर्टल बंद व्हायला अर्धा तास उरला की बसतात आणि लिहितात, 'सर्व कामे जबाबदारीने पार पाडली.' या वाक्याला वरचा माणूस कशाचे मार्क देणार? त्यापेक्षा असं लिहा: '1 एप्रिलला केवायसी (ग्राहकाची ओळख-कागदपत्रं) थकलेली खाती 640, 31 मार्चला 85.' पण त्यासाठी 1 एप्रिलचा आकडा हाताशी हवा. म्हणून डेस्कचा चार्ज घ्याल त्याच दिवशी एनपीए (थकलेली कर्जं), कासा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवी), थकीत केवायसी यांचे आकडे तारीख घालून वहीत उतरवा. उतरवायचे ते नुसते आकडे; ग्राहकांची नावं, खाते क्रमांक घरी न्यायचे नाहीत. अधल्यामधल्या महिन्यात बदली झाली तर निघतानाचे आकडेही उतरवा, नाहीतर तुमची वसुली पुढच्याच्या नावावर जाते.

मार्क कमी पडले तर निवेदन देता येतं. शेरा चांगला असो की वाईट, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने 2008मध्ये सांगितलं आहे. निवेदनात 'अन्याय झाला' एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या मुद्द्याला किती मार्क, तुमचा आकडा काय, हे ओळीने मांडा. मुदत थोडी असते, ती आपल्या बँकेच्या परिपत्रकात बघा.

दुसरी ठेच तोंडी आदेशाची. 'साहेब म्हणाले म्हणून केलं' हे चौकशीत टिकत नाही. वरिष्ठाने तोंडी सांगितलं तर लगेच लेखी दुजोरा द्यावा, असं अधिकाऱ्यांच्या आचरण नियमांतच आहे. साहेबांशी वाद घालू नका. त्याच दिवशी मेल टाका, 'सकाळी सांगितल्याप्रमाणे हे काम करत आहे, कृपया दुजोरा द्यावा.' आणि काउंटरवर कितीही रांग असली तरी आपला आयडी-पासवर्ड कुणाला देऊ नका. व्यवहार नोंदवणारा (मेकर) आणि तो तपासून मंजूर करणारा (चेकर) एकच निघाला की आयडी देणारा आणि वापरणारा दोघेही अडकतात.

नोकरी ठरावीक वर्षं न सोडण्याचा बाँड सही करण्याआधी वाचा. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख, ही एका सरकारी बँकेची अट सुप्रीम कोर्टाने मे 2025मध्ये वैध ठरवली.

जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेला मात्र कुणा साहेबाची मर्जी लागत नाही. चार पेपर, पास व्हायला प्रत्येकी किमान 50 गुण. किंवा एकाच प्रयत्नात प्रत्येकी किमान 45 आणि एकूण 50 टक्के. पास झाल्यावर इन्क्रिमेंट मिळते, पण निकाल एचआरकडे लगेच द्या आणि पोच घ्या.