कोळसा की सौर? वाद घालण्याआधी घड्याळ बघा

सोसायटीच्या सभेत छतावर सौर पॅनेल बसवायचा विषय निघाला, की दोन तट पडतात. एक म्हणतो, "रात्री काय, सूर्य तुमच्याकडे मुक्कामाला येणार का?" दुसरा लगेच कोळशाच्या धुरावर घसरतो. मग आवाज चढतात, कोणीतरी लिफ्टच्या देखभालीचा विषय काढतं आणि सभा संपते. मी राज्य भार प्रेषण केंद्रात, म्हणजे राज्याच्या विजेची मागणी आणि उत्पादन जुळवणाऱ्या कंट्रोल रूममध्ये, वर्षानुवर्षं शिफ्ट केल्या, म्हणून दोन्ही बाजू माझ्याकडे पंच म्हणून बघतात. पंचगिरीची मला हौस नाही. पण असा वाद घालायचाच असेल तर कसा घालावा, एवढं सांगते.

आधी मेगावॅटवर बोलताय की युनिटवर, ते ठरवून घ्या. मेगावॅट म्हणजे नळाची तोटी केवढी, युनिट म्हणजे बादलीत पाणी किती पडलं. २०२५ च्या मध्यात देशाच्या स्थापित क्षमतेत सौर, पवन, जल, जैवइंधन आणि अणू मिळून निम्मा वाटा झाला. हे सौरवाले सांगतात आणि ते खरं आहे. वर्षभरात तयार होणाऱ्या युनिटांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच असतात. हे कोळसेवाले सांगतात, आणि तेही खरंच आहे. एक मेगावॅट सौर दिवसाला सरासरी पाच हजारांच्या आतबाहेर युनिट देतं, कोळशाचं एक मेगावॅट सोळा-सतरा हजार. एवढं बोलून झालं की अर्धं भांडण तिथेच मिटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी एकच प्रश्न लागतो, आणि समोरचा काहीही म्हणाला तरी मी तोच विचारते: "किती वाजता?"

आमच्याकडे दिवस चोवीस तासांचा नसतो, शहाण्णव ब्लॉकचा असतो. पंधरा मिनिटांचा एक ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकला कोण किती वीज देणार आणि कोण किती घेणार, याचं शेड्यूल आदल्या दिवशी लागतं. ते जुळतंय की नाही हे भिंतीवरचा फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांचा, आकडा सांगतो. तो ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राहिला तर चहा निवांत पिता येतो. मागणी वाढली आणि उत्पादन कमी पडलं की आकडा घसरायला लागतो. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेच्या लाईनींचं जाळं, बाकी देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत हा आकडा एकच. त्यामुळे "आमच्या राज्यात कोळसा आहे, आम्हाला काय फरक पडतो" हा मुद्दा कोणी काढला तर त्याला थांबवा.

आता दुपारचा एक घ्या. सौर भरात आहे, शेतीचे सौर फीडरवरचे (सौर वीज मिळणाऱ्या वेगळ्या लाईनीवरचे) पंप चालू आहेत. शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येणं हा या सगळ्यातला सगळ्यात कमी बोलला जाणारा फायदा. रात्रपाळीच्या लाइटीसाठी हातात टॉर्च घेऊन, सापाला आणि बिबट्याला भीत बांधावर जावं लागत होतं, हे शहरातल्या सभेत कोणाला आठवत नाही. या वेळी कोळशाच्या युनिटांना (इथे युनिट म्हणजे वीज बनवणारा संच) आम्ही 'बॅक डाउन', म्हणजे उत्पादन कमी करा, सांगतो. पण ती एका मर्यादेपर्यंतच खाली येतात. नियम क्षमतेच्या ५५ टक्क्यांचा आहे, पुढे ४० पर्यंत न्यायचं ठरलंय. त्याहून खाली बॉयलर नीट जळत नाही. आणि पूर्ण बंद करावं, तर थंड पडलेलं युनिट पुन्हा ग्रिडवर यायला कित्येक तास लागतात. संध्याकाळी सात वाजता तेच हवं असतं. सौर मावळलेलं, घरोघरी दिवे, टीव्ही, एसी चालू. खरी कसोटी तेव्हाची.

मे २०२४ चे आकडे पाठच करून ठेवा. ३० मेला देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली (गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट), पण तेव्हा ऊन होतं. सूर्य नसताना आदल्या दिवशी २३४ गिगावॅटपर्यंत मागणी होती, आणि अवघड होती ती ही. सौरवाल्यांनी दुपारच्या विक्रमावर खूश होऊन थांबू नये. कोळसेवाल्यांनीही रात्रीचा आकडा दाखवून दुपारचं सौर फुकट ठरवू नये.

या कसोटीला लागतो लवचीकपणा, म्हणजे उत्पादन झटपट कमी-जास्त करता येणं. तो समजावायला मी ५ एप्रिल २०२० ची रात्र सांगते. कोरोनाच्या टाळेबंदीत देशभर नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते. मागणी बारा ते चौदा हजार मेगावॅटने पडेल असा अंदाज होता. पडली एकतीस हजारांहून जास्त. मी तेव्हा निवृत्त होते, मोबाइलवर आकडा बघत बसले होते. ४९.७० ते ५०.२६ च्या मध्ये तो हलला, पण ग्रिड तगलं. कारण पावणेनऊपासून जलविद्युत केंद्रं साडेसतरा हजार मेगावॅटने खाली आणली आणि लगेच पुन्हा वर नेली. कोळसाही खाली आला, पण त्याच्या चालीने. कोयना काय चीज आहे ते कंट्रोल रूममध्ये बसलेल्यालाच कळतं. मात्र कोयनेचं पाणीही मोजून मिळतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलंय, म्हणून "कोयना आहे ना" हे उत्तर दर संध्याकाळी चालत नाही. घाटघरला पाणी वर चढवून संध्याकाळी सोडतात, पण ते २५० मेगावॅटचं. बॅटऱ्या आणि असे उदंचन प्रकल्प किती लवकर उभे राहतात, यावर सगळं अवलंबून आहे. दराची चर्चा निघाली तरी हाच प्रश्न विचारा. गुजरातमध्ये डिसेंबर २०२० ला सौरचा दर १ रुपया ९९ पैसे निघाला, पण तो उन्हातला. रात्री आठला पोहोचवायचा दर सांगा म्हणावं.

समोरचा ब्लॅकआउटचं उदाहरण देईलच. तेव्हा विचारायचं, "आधी काय ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं?" जुलै २०१२ ला आधी उत्तरेचं, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचंही ग्रिड झोपलं. ती सुरुवात बिना-ग्वाल्हेर लाईनपासून झाली. उत्तरेकडे विजेची ओढ जास्त होती आणि वाट अरुंद. आम्ही पश्चिमेत वाचलो, उलट आमची फ्रिक्वेन्सी वर उसळली. तेव्हा सौर होतंच किती! १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई बंद पडली ती कळवा-पडघा भागातल्या लाईनींमुळे. टेक्सासला फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत सगळंच पडलं, पण सगळ्यात जास्त गॅस. हे ऐकून सौरवाले खूश होतात, म्हणून त्यांना एप्रिल २०२५ चं स्पेन सांगते. भरदुपारी, सौर जोरात असताना व्होल्टेज चढत गेलं, एकामागून एक केंद्रं सुटली आणि स्पेन-पोर्तुगाल अंधारात. दोष व्होल्टेज सांभाळण्याच्या व्यवस्थेचा होता. औष्णिक केंद्रांनी सांभाळायला हवं होतं तेवढं सांभाळलं नाही आणि सौर-पवन त्या कामाला लावलेलेच नव्हते.

कोळसा 'कायम हजर' असतो असं म्हणणाऱ्याला परळीचं औष्णिक केंद्र आठवून द्या. २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या मालगाड्यांना वाट द्यायला प्रवासी गाड्या रद्द झाल्या. पावसाळ्यात ओला कोळसा येतो तो वेगळाच ताप. सौरचं न येणं रोजचं आणि ठरलेल्या वेळेचं असतं. कोळशाचं न येणं क्वचित, पण झालं की आठवडे चालतं. पावसाळ्यात ढगांनी सौर कमी होतं तेव्हाच साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या जोरात असतात, हेही विसरू नका.

आणि छतावरच्या पॅनेलबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाका, नाहीतर नंतर शिव्या पडतात. बॅटरी नसलेलं साधं पॅनेल ग्रिडची लाइट गेली की भरउन्हातही बंद होतं. तो बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर खालून करंट जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. पॅनेलने बिल कमी होतं, लिफ्ट चालू राहत नाही. लिफ्ट हवी असेल तर बॅटरीचा वेगळा हिशोब मांडा.

वाद तरीही मिटेना तर राज्य भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर चालू मागणी आणि फ्रिक्वेन्सी दिसते. दुपारी एकला आणि संध्याकाळी सातला स्क्रीनशॉट काढा आणि शेजारी-शेजारी ठेवा. रविवार मात्र घेऊ नका, कारखाने बंद असतात आणि आकडे फसवतात. मंगळवार किंवा बुधवार बरा.